राष्ट्राध्यक्षांसाठी प्रार्थना

आमच्या चर्चमध्ये रविवारी उपदेशाच्या आधी एक मोठी प्रार्थना होते. सगळी मंडळी वेदीपुढे येते, शेजारच्याचा हात हातात घेते, आणि एकजण सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. आधी आजारी माणसं, मग तुरुंगातली पोरं, मग नुकत्याच एकट्या पडलेल्या बाया, हायवेवर ट्रक हाकणारे, शाळा, गाव, राज्य, आणि सगळ्यात शेवटी देशाचे राष्ट्राध्यक्ष. हा क्रम कुठे लिहिलेला नाही, पण चुकला तर आमच्यातली सगळ्यात म्हातारी मदर प्रुइट डोळे मिटलेलेच ठेवून मोठ्याने खाकरते. गेली कितीतरी वर्षं ही प्रार्थना माझी बायको अर्लीन करते, आणि मी बाजूला ऑर्गनवर बसून तिला साथ करतो.

साथ म्हणजे काय ते सांगतो, कारण मला तिच्याइतकं गोड जगात दुसरं काही वाटत नाही. अर्लीन सुरुवातीला साधं बोलते, कुंपणावरून शेजारणीशी बोलावं तसं. तुरुंगातल्या पोरांपाशी आली की आवाजाला कंप सुटतो, शब्द लांबायला लागतात, आणि केव्हातरी बोलण्याचं गाणं होतं. त्या क्षणी तिचा सूर पकडायचा, अलगद तिच्या पायाखाली सरकवायचा, आणि ती श्वास घेईल तेवढी जागा भरून काढायची. आमचे पाळक रेव्हरंड टॉलिव्हर उपदेशाच्या शेवटी असेच गाऊ लागतात, तेव्हाही तेच. लोक म्हणतात वेंडेल हार्ग्रोव्ह ऑर्गन छान वाजवतो. खरं तर मी नुसता ऐकतो. बोटं आपली आपण जातात.

राष्ट्राध्यक्ष कोण आहे याच्याशी ह्या प्रार्थनेचा कधी संबंध नव्हता. अर्लीनने मत दिलेले आले, न दिलेले आले, एकाच्या नावाने तर ती घरात दात ओठ खायची. रविवारी मात्र त्याच्यासाठी शहाणपण आणि चांगली झोप मागायची. ती हायस्कूलमध्ये नागरिकशास्त्र शिकवायची. "मी खुर्चीसाठी प्रार्थना करते," म्हणायची, "बसणारा कोणी का असेना."

मग ह्या वसंतात आमच्या लेकीची, कॉर्लिसची नोकरी गेली.

कॉर्लिस अटलांटात सरकारी वकील होती. आमच्याच राज्यातल्या एका शहरात राष्ट्राध्यक्षांनी कोणी न बोलावता लष्कराचे शिपाई उतरवले, आणि तिथल्या महापौरबाई टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर उभ्या राहून म्हणाल्या, परत जा. राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर म्हणाले, ही बाई तुरुंगात हवी. दोनचार दिवसांत हुकूम कॉर्लिसच्या टेबलावर आला: खटला भरा. तिने कागद चाळले, माणसांना विचारलं, आणि वर कळवलं की गुन्हाच नाही तर खटला कशाचा भरू? त्याच दुपारी तिच्या ओळखपत्राने दार उघडेनासं झालं. पुढच्या आठवड्यात एका सभेत राष्ट्राध्यक्षांनी तिचं नाव घेतलं. आळशी म्हणाले, लबाड म्हणाले. नावसुद्धा धड घेता आलं नाही त्यांना.

"लबाड म्हणाला ते एक वेळ सोड," अर्लीन टीव्हीला म्हणाली, "पण ते माझ्या आजीचं नाव आहे रे, मेल्या!"

तेव्हापासून आमच्या घराला बूड राहिलं नाही. कॉर्लिस तिच्या जुन्या खोलीत पडून असायची, जेवायला हाक मारली की "नंतर, मम्मा" म्हणायची. अर्लीन एका जागी टेकायची नाही. धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. कॉलर्डची भाजी निवडायला घ्यायची आणि अर्ध्यात सोडून बातम्या लावायची, बातम्या अर्ध्यात सोडून अंगणात जायची, अंगणात गेली की तिथून ओरडायची, "वेंडेल, कोर्टाने काय म्हटलं?"

"कोर्टाने शिपाई मागे घ्या म्हटलं."

"घेतले?"

"नाही घेतले."

"नाही घेतले म्हणजे? कोर्टाने सांगितलंय!"

"मी नाही अडवलं त्यांना, अर्लीन. माझ्यावर कशाला ओरडतेस?"

मग ती आत यायची आणि ओट्याला टेकून म्हणायची, "मी पोरांना शिकवलं, वेंडेल. फळ्यावर तीन चौकोन काढायचे. हा ह्याला धरतो, तो त्याला धरतो, कोणी एकटा सुटू शकत नाही. पोरं विचारायची, मिसेस हार्ग्रोव्ह, आणि त्याने ऐकलंच नाही तर? मी हसायचे. म्हणायचे, ऐकावंच लागतं, बाळा." हे बोलून झालं की तिचे हात रिकामे पडायचे आणि ते तिला सोसायचं नाही. लगेच काहीतरी पुसायला घ्यायची.

आमच्या खासदाराच्या कार्यालयात ती रोज फोन करायची. ते राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचे, त्यांच्या शब्दाबाहेर न जाणारे. एकदा मी शेजारीच बसलो होतो, तेव्हा पलीकडचा मुलगा अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, आवाज ओळखीचा वाटतोय. तुम्ही शाळेत होतात का? मी ब्रॅडली स्टोक्स."

"ब्रॅडली! खिडकीजवळ बसायचास. घटनेच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळवले होतेस."

"हो मॅडम."

"मग सांग बघू, राष्ट्राध्यक्षाने कोर्टाचा हुकूम मोडला तर काँग्रेसने काय करायचं असतं?"

मग तो म्हणाला, "मॅडम, ते परीक्षेपुरतं होतं. मी तुमचा निरोप खासदारसाहेबांना देतो."

अर्लीनने फोन ठेवला नाही, कानाला तसाच धरून उभी राहिली. "पोरगा चांगला होता," म्हणाली. "अजूनही चांगलाच आहे, बघ. मॅडम मॅडम करत होता."

ह्या सगळ्यात रविवार येत होते. पहिल्या रविवारी तिने प्रार्थना केली ती कोरडी, घाईघाईची. शेवटी राष्ट्राध्यक्षांचा नुसता उल्लेख करून आमेन म्हणाली. दुसऱ्या रविवारी तिथे येऊन तिची जीभ अडकली. मंडळीने हलकेच गुणगुणायला सुरुवात केली. कोणी अडखळलं की आम्ही त्याला असं सांभाळून घेतो. पण तिला पुढे जाता येईना. मी आमेनचे सूर दिले आणि ते तिथेच मिटवलं. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "मी खोटं बोलू शकत नाही. देवासमोर तर नाहीच. आणि खरं बोलायला गेले तर काय तोंडातून निघेल मला माहीत नाही."

शुक्रवारी गायकांची तालीम संपल्यावर रेव्हरंड टॉलिव्हर माझ्याशेजारी ऑर्गनच्या बाकावर येऊन बसले. माणूस मोठ्या मनाचा. चर्चच्या तळघरात म्हाताऱ्या माणसांसाठी दुपारचं जेवण चालतं, ते त्यांनीच सुरू केलं; सरकारी मदतीवर चालतं ते.

"ब्रदर वेंडेल, सिस्टर अर्लीनच्या मनाला काय होत असेल मला कळतं," ते म्हणाले. "कॉर्लिसला मी पाण्यात बाप्तिस्मा दिलाय. पण शेवटच्या बाकावर तो निळ्या कोटातला माणूस दोन रविवार येतोय, पाहिलास ना? फोन उभा धरून सगळं टिपत बसतो. शेजारच्या काउंटीत एका पाळकाने व्यासपीठावरून दोन शब्द काढले, तर त्यांची मदत चौकशीत अडकली."

"मग सिस्टर अर्लीनला सांगा ना."

"सांगितलं. म्हटलं, फक्त तेवढं एक वाक्य गाळ. राज्यापाशी थांब, आमेन म्हण. कोणाच्या लक्षातही येणार नाही."

"काय म्हणाली?"

"माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नापास झालोय." ते कसंनुसं हसले. "म्हणून तुला सांगतो. ती त्या जागी आली आणि गाडी भलतीकडे निघाली असं दिसलं तर मी तुला रुमाल हलवीन. तू आमेन वाजव. मोठ्याने. मग मी ताबडतोब गीत सुरू करतो. आणि हे जर जमलं नाही, वेंडेल, तर पुढच्या महिन्यापासून प्रार्थना डीकन मिम्स करतील. मला दुसरा मार्ग नाही. खाली म्हातारी माणसं जेवतात रे."

मी ऑर्गनचं झाकण लावलं. घरी जाऊन अर्लीनला सगळं सांगितलं. आमच्यात लपवाछपवी चालत नाही, आणि चालली असती तरी माझ्या चेहऱ्यावर ती टिकत नाही.

तिने ऐकून घेतलं. स्वयंपाकघरात एक फेरी मारली, दुसरी मारली. "गाळायचं? देवासमोर ज्याचं नाव काढायची मला भीती वाटते, वेंडेल, त्याला मी देवापेक्षा मोठा केला की नाही? आणि डीकन मिम्स! त्याची प्रार्थना संपेपर्यंत राष्ट्राध्यक्षाची मुदत संपेल."

कॉर्लिस दारात येऊन उभी होती. पहिल्यांदाच हसली. मग म्हणाली, "मम्मा, माझ्यासाठी काही करू नकोस. त्या जेवणावर मिस्टर ओटिस जगतो."

"तुझ्यासाठी नाही करत. माझ्यासाठी करते. ती एकच जागा उरलीय जिथे मला कोणी निरोप देतो म्हणत नाही." मग माझ्याकडे वळून, "तू काय करणार आहेस?"

"मला माहीत नाही."

"ठीक आहे. ऑर्गन तुझा, तोंड माझं."

रविवारी चर्च भरलेलं होतं. मदर प्रुइट आणि बाकीच्या म्हाताऱ्या बाया पांढऱ्या पोशाखात पुढच्या बाकावर. शेवटच्या बाकावर निळा कोट, हातात फोन. कॉर्लिस आमच्या नेहमीच्या बाकावर, मांडीवर दोन्ही हात घट्ट. अर्लीन वेदीपाशी गेली, मंडळी तिच्याभोवती आली, हातात हात गेले.

आजारी माणसं झाली. तुरुंगातली पोरं झाली. आवाज चढत गेला, मी खालून सूर लावला, बाया "हो, प्रभू" म्हणू लागल्या. शाळा, गाव, राज्य. राज्यापाशी ती थांबली. रेव्हरंडच्या हातात पांढरा रुमाल मला दिसला. अजून गुडघ्यावरच होता.

"आणि आता, बापा, आमचे राष्ट्राध्यक्ष," अर्लीन म्हणाली.

निळ्या कोटाने फोन वर धरला.

"ह्या महिन्यात मी त्यांना काय काय म्हणाले ते तू ऐकलंयस. भांडी घासताना म्हणाले. गाडी चालवताना म्हणाले."

"बोल, बाळे," मदर प्रुइट म्हणाली, आणि इकडेतिकडे कोणीतरी हसलं.

"पण बापा, शपथ घेताना त्यांनी तुझ्या पुस्तकावर हात ठेवला होता. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. म्हणून त्या हाताची तक्रार तुझ्याकडे आणलीय. बाकी कुठेही नेली तरी म्हणतात, निरोप देतो."

आता हशा नाही, खालून एक मोठी गुणगुण उठली. रेव्हरंडचा रुमाल वर आला. त्यांनी माझ्याकडे पाहून तो एकदा हलवला.

मी ऐकत होतो. अर्लीनचा आवाज गाण्याच्या उंबऱ्यावर होता, पण सूर जरा खाली घसरला होता. रडू यायच्या आधी घसरतो तसा. दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लटकत होती ती. ह्या वेळी आमेन वाजवला असता तर ती तिथेच पडली असती, आणि मला वाटतं पुन्हा कधी उठली नसती. रेव्हरंडने दुसऱ्यांदा रुमाल हलवला. मी तिचा सूर शोधला आणि तिला दिला.

आणि ती वर चढली.

"त्या हाताने, बापा, माझ्या लेकीची भाकर काढून घेतली! खोटं लिही म्हणाला, तिने लिहिलं नाही! त्या हाताने शिपाई धाडले, कोणी बोलावले नव्हते! कोर्ट म्हणालं थांब. तो थांबला नाही! आता तू थांबव, बापा! मोडू नकोस. मोडावा असं माझ्या मनात येतं, ते तू मनावर घेऊ नकोस! आई लेकराचा हात तापल्या शेगडीवरून ओढून घेते तसा ओढून घे! त्याचाही हात भाजतोय, त्याला कळत नाही, बापा, त्याला कोणी सांगत नाही!"

रेव्हरंड आता उभे राहिले होते आणि रुमाल डोक्यावर धरून जोरजोरात हलवत होते, मला, फक्त मला. चेहऱ्यावरून घाम वाहत होता.

आता आमच्याकडे पाळक उभा राहून रुमाल हलवायला लागला तर त्याचा अर्थ होतो, आत्मा उतरला, सगळे उठा; हे रेव्हरंड टॉलिव्हर जन्मभर जाणून होते. त्या घाईत विसरले एवढंच. मदर प्रुइटने एक डोळा उघडला, पाळकाचा रुमाल पाहिला, काठीवर भार देऊन उठली आणि पर्समधून आपला रुमाल काढला. तिच्या मागोमाग पांढऱ्या पोशाखातल्या सगळ्या बाया उठल्या. मग गायक. मग डीकन मिम्स, जो कधी कशाला उठत नाही. दोन मिनिटांत सगळं चर्च उभं होतं, पांढरे, पिवळे, फुलाफुलांचे रुमाल हवेत, ज्यांच्याकडे रुमाल नव्हता त्यांनी प्रार्थनेच्या वेळी वारा घ्यायचे पुठ्ठ्याचे पंखे हलवले. सगळे म्हणत होते, "थांबव, बापा! थांबव!" आणि त्या सगळ्यांच्या पुढे, व्यासपीठावर, राष्ट्राध्यक्षांविरुद्धच्या तक्रारीला सगळ्यात उंच रुमाल दाखवणारे आमचे पाळक. निळ्या कोटाचा फोन सरळ त्यांच्यावर रोखलेला.

त्यांचा हात हळूहळू खाली आला. ते त्या रुमालाकडे बघत राहिले.

अर्लीनने आमेन म्हटलं. मग मी आमेन वाजवला.

त्या दिवशीचा उपदेश फार चांगला झाला, हे खरं तर मी सांगायला नको, पण सांगतो. भीतीने म्हणा, कशाने म्हणा, रेव्हरंडचा आवाज सुरुवातीपासूनच सुरात होता. शेवटी ते गाऊ लागले तेव्हा माझ्या बोटांना त्यांच्यामागे धावावं लागलं. नंतर त्यांच्या खोलीत गेलो तर टाय सैल करून बसले होते.

"वेंडेल, मी तुला थांब म्हणत होतो."

"मला माहीत आहे, रेव्हरंड."

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. डीकन मिम्स बाहेर सांगतायत की इतका धीट पाळक आपल्याला पूर्वी कधी मिळाला नाही."

त्यांनी डोळे मिटले. "माझी बायको विचारेल तेव्हा काय सांगू?"

मी बाहेर आलो. दरवाजा ओढून घेतला.

त्या संध्याकाळी अर्लीनला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. टीव्हीवर राष्ट्राध्यक्षांनी आणखी एका न्यायाधीशाला काढून टाकायची भाषा केली. ती उठली, बसली, पुन्हा उठली. "मला वाटलं होतं बोलून टाकल्यावर आत काहीतरी खाली बसेल," म्हणाली. "नाही बसलं." कॉर्लिसने तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः चुलीपाशी गेली. अंडी फोडली, मक्याचा पाव भाजला, आणि आमच्या आधी स्वतःच खाल्ला.

सोमवारी आम्ही तिघंही तळघरात जेवण वाढायला गेलो. मदत बंद झाल्याचं काही कळलं नव्हतं, चालू राहील असंही कोणी सांगत नव्हतं. रेव्हरंड टॉलिव्हर आले ते भिंतीच्या कडेकडेने. पण मिस्टर ओटिसने त्यांना गाठलंच, चाकाच्या खुर्चीतून हात वर केला. "रेव्हरंड! माझ्या भाचीने मला फोनवर दाखवलं. काय रुमाल हलवलात हो!"

मला वाटलं, आता सांगतील. सांगणं सोपं होतं. गैरसमज झाला म्हणायचं, हसायचं. रेव्हरंडने मिस्टर ओटिसचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग सरळ अर्लीनकडे आले. तिच्या हातात डाळिंब्यांच्या आमटीचा डाव होता.

"डीकन मिम्स विचारत होते, पुढल्या रविवारी प्रार्थना कोण करणार."

अर्लीनचा डाव तसाच थांबला. "मग?"

"मी म्हटलं, कोण म्हणजे काय? जी करते ती करेल." मग ते जवळ सरकले. "सिस्टर अर्लीन, मला फार भीती वाटतेय. हे मात्र तू कोणाला सांगू नकोस."

"मलाही वाटतेय," ती म्हणाली. "माझ्या प्रार्थनेत भीती वाटणाऱ्यांसाठी जागाच नाही बघा. आजाऱ्यांनंतर घालू का?"

मदर प्रुइटने ताटावर काटा आपटला. "बोलणं पुरे. जेवणाला आशीर्वाद कोण मागणार? कालची प्रार्थना हवी. ती हाताची."

अर्लीनने डाव खाली ठेवला नाही. "काल मी केली, मदर. आज पाळकांची पाळी."

सगळ्यांनी हात धरले. रेव्हरंडने मिस्टर ओटिसचा धरला, दुसऱ्या बाजूला कॉर्लिसचा. तिथे ऑर्गन नव्हता. मी नुसता उभा होतो. त्यांनी अन्नासाठी आभार मानले, रांधणाऱ्यांसाठी मानले, आजारी माणसं घेतली, तुरुंगातली पोरं घेतली, भ्यालेल्यांना घेतलं, शाळा, गाव, राज्य घेतलं. तिथे आल्यावर गप्प झाले. कॉर्लिसने त्यांचा हात सोडला नाही. म्हाताऱ्यांनी खालून गुणगुणायला सुरुवात केली.

"आणि आता, बापा," रेव्हरंड म्हणाले, "आमचे राष्ट्राध्यक्ष."

आणि पुन्हा थांबले.

"बोला की," मदर प्रुइट म्हणाली. "जेवण निवतंय."